मोहोरावरचा सौदा

एवढा पैसा, एवढे जाणकार, प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण हाताशी. तरी एनबीए या बास्केटबॉल लीगचे संघ नवे खेळाडू निवडताना इतके चुकतात कसे? बास्केटबॉल बारकाईने पाहणारा असो वा फक्त अंतिम सामन्यापुरता टीव्हीसमोर बसणारा, हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. 2013 सालची निवड पाहिली की तो जास्तच टोचतो. त्या वर्षी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सने पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेट या कॅनडाच्या खेळाडूला घेतलं. लास व्हेगासमधल्या विद्यापीठाकडून तो एकच मोसम खेळला होता आणि सामन्यामागे सरासरी 16 गुण मिळवत होता. एनबीएत चार मोसमांत तो चार संघांतून फिरला आणि लीगबाहेर पडला. त्याच रात्री पंधराव्या क्रमांकावर मिलवॉकी बक्सने ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधला एक काटकुळा मुलगा घेतला: यानिस अँटेटोकुम्पो. 2019 आणि 2020 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. 2021 च्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात 50 गुण करून त्याने मिलवॉकीला पन्नास वर्षांनी विजेतेपद मिळवून दिलं.

यानिसच्या आधी चौदा नावं पुकारली गेली. ती पुकारणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांच्यापुढचा प्रश्नच असा होता की त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर नव्हतं. गुणी पण बेभरवशाचा खेळाडू पारखायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते या प्रकरणात पायरीपायरीने पाहू.

1. निवड होते कशी

या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. एनबीएत तीस संघ आहेत. दरवर्षी जूनमध्ये हे संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नवा खेळाडू उचलतात, अशा दोन फेऱ्या होतात. क्रम साधारण उलटा असतो: गेल्या मोसमात जो संघ जास्त हरला त्याला आधी संधी. पण मुद्दाम हरून पहिला क्रमांक मिळवण्याची चटक लागू नये म्हणून 1985 पासून वरचे क्रमांक सोडतीने ठरतात. 2019 पासून तर सर्वांत तळाच्या तिन्ही संघांना पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता सारखीच, प्रत्येकी 14 टक्के आहे.

निवडले जाणारे बहुतेक खेळाडू 19 ते 22 वर्षांचे असतात. 2006 पासून अमेरिकी मुलांना शाळेतून थेट येता येत नाही. वय 19 आणि शाळा संपल्यावर एक वर्ष, ही किमान अट आहे. म्हणजे ज्याच्यावर कोट्यवधी डॉलर लावायचे त्याचा मोठ्या पातळीवरचा खेळ अनेकदा एकाच मोसमाचा, तीस-पस्तीस सामन्यांचा असतो.

कोकणात काही व्यापारी आंब्याची बाग मोहोर पाहूनच घेतात. फळ धरायचं असतं, मधे अवकाळी पाऊस, तुडतुडे, वारा, सगळं व्हायचं असतं. पण भाव आज ठरतो. ड्राफ्टही तसाच आहे. संघ खेळाडूचा आजचा खेळ विकत घेत नाही, पाच वर्षांनंतरचा घेतो. त्यामुळे ‘आज कोण चांगला’ आणि ‘पुढे कोण चांगला होईल’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर पुढचा सगळा विचार फसतो.

2. आधी जुना हिशेब पाहा

एखाद्या मुलाची उडी, त्याचा वेग, त्याने एका सामन्यात केलेले 35 गुण पाहून भारावून जाण्याआधी एक कोरडं काम करायचं. त्याच्यासारख्या जागेवर निवडलेल्या आधीच्या मुलांचं काय झालं, ते मोजायचं.

करून पाहू. 2001 ते 2010 या दहा ड्राफ्टमध्ये पहिल्या पाच क्रमांकांवर निवडलेले 50 खेळाडू घेऊ. यशाची सोपी खूण धरू: कारकिर्दीत एकदा तरी ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड. पहिल्या क्रमांकाचे दहा जण असे: क्वामे ब्राऊन, याओ मिंग, लेब्रॉन जेम्स, ड्वाइट हॉवर्ड, अँड्र्यू बोगट, आंद्रेया बार्न्यानी, ग्रेग ओडन, डेरिक रोझ, ब्लेक ग्रिफिन, जॉन वॉल. यांतले सहा ऑल-स्टार झाले. दुसऱ्या क्रमांकाच्या दहांपैकी तीन, तिसऱ्याच्या पाच, चौथ्याच्या चार, पाचव्याच्या चार. एकूण 50 पैकी 22.

म्हणजे सगळ्यांनी एकमुखाने वाखाणलेली, देशोदेशींच्या हजारो खेळाडूंतून वर काढलेली मुलंसुद्धा निम्म्याहून कमी वेळा त्या पातळीला पोचली. नव्या मुलाचं नाव ऐकलं की आपण शून्यापासून सुरुवात करतो, ‘हा वेगळा आहे’ असं म्हणतो. सुरुवात या 22 पासून करायला हवी. मग त्याच्या बाजूच्या आणि विरुद्धच्या गोष्टी पाहून हा आकडा वर किंवा खाली सरकवायचा.

या हिशेबात आणखी एक गोष्ट लपली आहे. तिसऱ्या क्रमांकाचे पाच चमकले आणि दुसऱ्याचे तीनच. मग तिसरा क्रमांक दुसऱ्यापेक्षा चांगला का? मुळीच नाही. दहा-दहा खेळाडूंच्या दोन गटांत दोनाचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. लहान आकड्यांतल्या फरकाला अर्थ चिकटवायचा मोह आवरणं, हे खेळाडू पारखणाऱ्याचं निम्मं काम आहे.

3. अंगकाठी: मोजता येते म्हणून भुलवते

ड्राफ्टच्या आधी शिकागोत निवडक खेळाडूंना बोलावून त्यांची मापं घेतात. अनवाणी उंची, दोन्ही हात आडवे पसरल्यावर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी, हात वर करून कुठपर्यंत पोचतो, किती उंच उडतो. सर्वसाधारण माणसाच्या पसरलेल्या हातांची लांबी त्याच्या उंचीइतकीच असते. एनबीएतल्या खेळाडूंची ती उंचीपेक्षा बरीच जास्त भरते. हे माप महत्त्वाचं आहे, कारण चेंडू अडवताना आणि हिसकावताना डोक्याची उंची कामाला येत नाही, हात येतात.

पण मोजता येणारी गोष्ट आणि कामाची गोष्ट यांत अंतर असतं. 2007 मध्ये केव्हिन ड्युरंटला ड्राफ्टआधीच्या ताकदीच्या चाचणीत 185 पौंडांचा, म्हणजे सुमारे 84 किलोंचा बार छातीवरून एकदाही वर नेता आला नाही. त्या दिवशी ही त्याच्याविरुद्धची मोठी खूण वाटली. पुढे चार वेळा तो लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने गुण करणारा खेळाडू ठरला. हात लांब, फेक उंचावरून सुटणारी, चेंडू सोडण्याचा वेग अफाट. समोरच्याला ढकलण्याची गरजच त्याला फारशी पडली नाही. याच्या उलट 2009 मध्ये मेम्फिसने दुसऱ्या क्रमांकावर टांझानियाचा हशीम थबीट घेतला. उंची सात फूट तीन इंच, कॉलेजात समोरच्यांच्या फेकी परतवण्यात पटाईत. कॉलेजात उंची पुरते, कारण समोरची बहुतेक मुलं त्या मापाची नसतात. एनबीएत सगळेच दांडगे आणि चपळ. थबीट पाच मोसमांनंतर लीगबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या मागोमाग जेम्स हार्डन आणि सातव्या क्रमांकावर स्टीफन करी होते.

करी तर या मापांच्या कसोटीत बसतच नव्हता. डेव्हिडसन या छोट्या कॉलेजचा, अंगाने हलका. मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या अशा लागोपाठच्या दोन्ही क्रमांकांवर त्याच्याच जागेवर खेळणारे दुसरे दोघे घेतले. उंचीचा, ताकदीचा अभाव चटकन दिसतो आणि कागदावर मांडता येतो. चाळीस फुटांवरून समोरच्या संघाची बचावफळी विस्कटवणारी फेक कागदावर मांडता येत नाही.

4. आकडे: किती वेळा, कोणाविरुद्ध, कोणत्या वयात

आता आकड्यांकडे येऊ. तुमच्यापुढे एक मुलगा आहे, त्याने मोसमभरात 100 थ्री-पॉइंटर, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरच्या फेकी केल्या आणि त्यांतल्या 42 लागल्या. उत्तम नेमबाज का?

समजा, त्याचं खरं कसब 35 टक्क्यांचं आहे. म्हणजे लाखभर फेकी केल्या तर 35 टक्के लागतील. पण 100 फेकींत मात्र त्याचा आकडा योगायोगानेच वर-खाली होतो. गणिताने पाहिलं तर वीसपैकी एकोणीस वेळा तो साधारण 25 ते 45 यांच्या मधे कुठेतरी पडेल. म्हणजे 42 टक्केवाला आणि 30 टक्केवाला हे दोघे मुळात एकाच कसबाचे असू शकतात. एकाचा मोसम भाग्याचा गेला, इतकंच.

मग करायचं काय? जाणकार फ्री थ्रोकडे पाहतात. फाउल झाल्यावर पंधरा फुटांवरून मोकळ्यावर करायची ती फेक. समोर कोणी नाही, अंतर दरवेळी तेच, घाई नाही. त्यामुळे तिथे हाताची खरी ठेवण दिसते, आणि पुढे हा मुलगा लांबून चांगली फेक करू शकेल का, याचा अंदाज बऱ्याचदा तिथूनच येतो. कवाय लेनर्डचं उदाहरण घ्या. सॅन दिएगो स्टेटकडून दोन वर्षं खेळताना त्याचे थ्री-पॉइंटर जेमतेम 25 टक्के लागले. पण फ्री थ्रो सुमारे तीन-चतुर्थांश लागत होते. म्हणजे हात बिघडलेला नव्हता, फेक दुरुस्त होण्याजोगी होती. 2011 मध्ये तो पंधरावा निवडला गेला. सॅन अँटोनिओ स्पर्सने त्याच रात्री आपला एक चांगला, हातचा खेळाडू देऊन त्याला घेतलं, कारण त्यांच्याकडे फेक दुरुस्त करण्यात नाणावलेले प्रशिक्षक चिप एंगलंड होते. पहिल्याच मोसमात कवायचे थ्री-पॉइंटर 37 टक्क्यांहून जास्त लागले.

दुसरी गोष्ट वय. 19 वर्षांचा मुलगा आणि 23 वर्षांचा मुलगा दोघेही कॉलेजात 18 गुणांची सरासरी काढतात. 23 वर्षांचा हा स्वतःपेक्षा लहान, कच्च्या मुलांविरुद्ध खेळतो आहे. त्याची वाढ बरीचशी झालेली आहे. 19 वर्षांच्या मुलाने तेच काम आपल्यापेक्षा मोठ्यांविरुद्ध केलं. आकडा एक, अर्थ दोन.

तिसरी गोष्ट, समोर कोण होतं. याबाबतीत मला सगळ्यांत बोलकं उदाहरण वाटतं ते लुका डोंचिचचं. 2018 च्या ड्राफ्टआधी त्याच्याबद्दल कुजबुज होती: पळण्यात संथ, उडीत कमी, अंगाने जरा सुटलेला. पण त्या वर्षी, वयाच्या 19 व्या वर्षी, तो रेआल माद्रिदकडून युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. एनबीएखालोखाल जगातली सर्वांत कठीण समजली जाणारी लीग, सगळे कसलेले, वयाने मोठे गडी. हा मुलगा संथ असेल, पण त्याच संथपणाने त्याने तिथे सगळ्यांना हरवलं होतं. तरी दोन संघांनी त्याला सोडलं आणि तिसऱ्याने निवडून दुसऱ्या संघाला दिलं. ज्याचा पुरावा हातात होता त्याला केवळ दिसण्यावरून धोक्याचा ठरवण्याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

5. दुखापत: एकदा मोडलेलं आणि पुन्हा मोडणारं

1984 मध्ये पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी हा उंच सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा गडी, घेतला आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोकडे गेला. जॉर्डनच्या जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर पोर्टलंडकडे आधीच होता. त्यांना सेंटरची निकड होती, म्हणून ही निवड झाली. पण बोवी केंटकी विद्यापीठात असताना नडगीच्या हाडामुळे दोन पूर्ण मोसम बाहेर बसला होता. पोर्टलंडकडच्या पाच मोसमांत 410 सामने झाले, त्यांतले तो 139 खेळला. पुढे 2007 मध्ये त्याच पोर्टलंडने पहिल्या क्रमांकावर ग्रेग ओडनला घेतलं. ड्युरंट दुसरा गेला. पहिला मोसम सुरू होण्याआधीच ओडनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. झिजलेल्या कूर्चेखालच्या हाडाला बारीक भोकं पाडून तिथे नवी ऊती धरावी, अशी ती शस्त्रक्रिया असते. सगळी कारकीर्द मिळून ओडन 105 सामने खेळला.

हे दोन दाखले ऐकले की मन म्हणतं, दुखापत झालेला उंच माणूस घ्यायचाच नाही. मग 2014 आठवा. कॅमेरूनचा जोएल एम्बीड, बास्केटबॉल सुरू करून तीन-चार वर्षंच झालेली, कॅन्सस विद्यापीठाकडून एक मोसम. पाठीच्या मणक्याला बारीक तडा गेलेला, आणि ड्राफ्टला आठवडाही उरला नसताना पायावर शस्त्रक्रिया. मोडलेलं हाड नॅव्हिक्युलर, पावलाच्या कमानीतलं. त्याला रक्तपुरवठा कमी म्हणून ते सावकाश जुळतं, आणि उंच, जड माणसाचा भार दर पावलाला त्यावर येतो. चीनच्या याओ मिंगच्या पायातलंही हेच हाड मोडलं होतं. एम्बीड पहिला जाईल असं बोललं जात होतं, तो तिसरा गेला. फिलाडेल्फियाने त्याला घेतलं आणि वाट पाहिली. पहिले दोन मोसम तो एकही सामना खेळला नाही, तिसऱ्यात 31. म्हणजे तीन वर्षांच्या 246 सामन्यांत 31. 2023 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुखण्यांनी त्याचा पिच्छा त्यानंतरही सोडला नाही.

आणि त्या वर्षी ‘धडधाकट’ म्हणून दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला जबारी पार्कर? पहिल्याच मोसमात 25 सामन्यांनंतर त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. 2017 मध्ये तोच गुडघा पुन्हा.

म्हणून वैद्यकीय अहवाल पाहताना विचारायचं ते असं: हे एकदा घडलेलं अपघाती मोडणं आहे, की या शरीराच्या घडणीमुळे आणि वजनामुळे पुन्हा पुन्हा होणारं? आणि दोन वर्षं वाट पाहण्याची आपली ऐपत आहे का? फिलाडेल्फियाची होती, कारण तो संघ तेव्हा जिंकायच्या घाईत नव्हता.

6. कोणाच्या हाती पडला

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण सर्वसाधारण चर्चेत हीच बाजू सुटते.

यानिसची यशोगाथा सगळ्यांना ठाऊक आहे. नायजेरियातून आलेल्या स्थलांतरितांचा मुलगा, अथेन्सच्या रस्त्यांवर भावांबरोबर घड्याळं, चष्मे, पिशव्या विकणारा. ड्राफ्टच्या वर्षापर्यंत ग्रीसचं नागरिकत्वसुद्धा नव्हतं. ही कथा वाचून वाटतं, अशी जिद्द असलेला मुलगा यशस्वी होणारच होता. पण तो अपयशी ठरला असता तर त्याच आयुष्यातून आपण दुसरी गोष्ट रचली असती: पोटाची भ्रांत, उशिरा मिळालेलं प्रशिक्षण, कमकुवत शरीर, दुय्यम लीग. निकाल कळल्यावर कारणं सोपी वाटतात. पारख निकालाआधी करायची असते.

म्हणून यानिसशेजारी दुसरा मुलगा उभा करू. 2014 मध्ये, म्हणजे वर्षभरानेच, टोरोंटो रॅप्टर्सने विसाव्या क्रमांकावर ब्राझीलचा ब्रुनो काबोक्लो निवडला. वय 18, सहा फूट नऊ इंचांच्या घरातली उंची, सात फुटांच्या बरेच वर जाणारे पसरलेले हात, अंगाने सडपातळ, मोठ्या सामन्यांचा अनुभव नगण्य. कागदावर पाहिलं तर यानिसचा जुळा भाऊ शोभेल. ड्राफ्टच्या थेट प्रक्षेपणातच एका समालोचकाने त्याला तयार व्हायला बरीच वर्षं लागतील असं सांगितलं आणि ते वाक्य पुढे त्याला चिकटलंच. एनबीएत काबोक्लोचा जम बसला नाही.

फरक कुठे पडला? एक फरक खेळातच होता. ग्रीसमधल्या त्या धूसर चित्रफितींत यानिस चेंडू हाताळत पुढे नेताना, धावता धावता साथीदाराला पास देताना दिसत होता. एवढ्या उंचीचा मुलगा हे करतो म्हणजे त्याला मैदान दिसतं. कोण कुठे आहे आणि पुढच्या क्षणी कुठे असेल, हे कळतं. हे शिकवायला फार कठीण. स्नायू कमवता येतात, फेक सुधारता येते. मैदान दिसणं मात्र वीस वर्षांच्या वयात नव्याने क्वचितच येतं. मिलवॉकीचे तेव्हाचे सरव्यवस्थापक जॉन हॅमंड त्याला पाहायला स्वतः ग्रीसला गेले होते. छोट्या व्यायामशाळेतल्या, दुसऱ्या श्रेणीच्या सामन्यात मुलाने किती गुण केले याला फारसं मोल नाही. चेंडू हातात नसताना तो काय पाहतो, कुठे सरकतो, हे तिथे बसल्यावरच कळतं.

दुसरा फरक मात्र मुलांचा नव्हता, घरांचा होता. यानिस आला त्या मोसमात मिलवॉकी 82 पैकी 67 सामने हरलं. लीगमधला सर्वांत वाईट संघ. हरायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे 19 वर्षांच्या मुलाला सामन्यामागे चोवीस-पंचवीस मिनिटं मैदानावर चुका करायला मिळाल्या. त्याची त्या मोसमातली सरासरी सातच्याही खाली होती. चांगल्या संघात एवढ्या गुणांवर कोणी इतका वेळ दिला नसता. टोरोंटो तेव्हा जिंकणारा संघ होता. काबोक्लोला पहिल्या मोसमात जेमतेम आठ सामन्यांत काही मिनिटं मिळाली. शिकाऊ खेळाडूंसाठी टोरोंटोचा स्वतःचा दुय्यम संघही तेव्हा नव्हता, तो 2015 मध्ये उभा राहिला.

याहून ठळक दाखला 2003 चा. डेट्रॉइट पिस्टन्सकडे जुन्या एका देवघेवीतून दुसरा क्रमांक आला होता. संघ आधीच बलाढ्य. त्यांनी सर्बियाचा, नुकताच 18 पूर्ण केलेला डार्को मिलिचिच घेतला. त्याच्या मागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड होते. पुढच्याच वर्षी डेट्रॉइट विजेता झाला. डार्को त्या मोसमात सामन्यामागे सरासरी पाच मिनिटंही खेळला नाही. वाढीच्या वयातली वर्षं त्याने बाकावर काढली. डार्को हा चुकीचा खेळाडू होता असं सगळे म्हणतात. मला वाटतं, तो चुकीच्या घरी पडलेला खेळाडू होता. मिलवॉकीसारख्या घरी तो यानिस झाला असता असं मी म्हणत नाही. पण तिथे निदान त्याची परीक्षा झाली असती.

7. किंमत: चुकीचा सौदा आणि फसलेला सौदा

शेवटची पायरी हिशेबाची. दोन मुलं समोर आहेत. पहिला हमखास ठीकठाक खेळाडू होईल. त्याचं मोल 4 धरू. दुसरा बेभरवशाचा: अशा दहांपैकी सात वाया जातील, मोल शून्य, दोन बरे निघतील, प्रत्येकी 5, एक असामान्य निघेल, 30. दहांची बेरीज 40, म्हणजे सरासरी पुन्हा 4. तर मग दोघे सारखेच?

नाहीत. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचं मानधन क्रमांकानुसार बांधलेलं असतं. पहिली दोन वर्षं पक्की. तिसऱ्या, चौथ्या वर्षी ठेवायचं की सोडायचं हे संघ ठरवतो. म्हणजे वाया गेला तर नुकसान दोन वर्षांत थांबतं. असामान्य निघाला तर त्याची चार वर्षं ठरलेल्या, तुलनेने स्वस्त दरात मिळतात. शिवाय बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात आणि उत्तम खेळाडू बहुतेक वेळ खेळतो, त्यामुळे एका असामान्य माणसाचं वजन अकरा जणांच्या खेळापेक्षा इथे कितीतरी जास्त पडतं. ठीकठाक खेळाडू बाजारात केव्हाही मिळतो, 30 वाला मिळत नाही. म्हणून तळाच्या संघाने दुसऱ्याकडे झुकावं, विजेतेपदाच्या उंबरठ्यावरच्या संघाने पहिल्याकडे.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट निघते. दहापैकी सात वेळा दुसरा मुलगा अपयशी ठरणार आहे, आणि तरी त्याला घेणं बरोबर असू शकतं. सौदा फसला म्हणून तो चुकीचा होता असं होत नाही. टोरोंटोने काबोक्लोवर लावला तो विसावा क्रमांक होता. त्या जागी असा मुलगा घेणं मला आजही योग्य वाटतं. पहिल्या क्रमांकावर तोच मुलगा घेतला असता तर मी हे म्हटलं नसतं. नाव तेच, धोका तोच. किंमत बदलली की उत्तर बदलतं.

8. बावन्नावा क्रमांक

हे सगळे प्रश्न एका ओळखीच्या नावावर लावून पाहू. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने 52 व्या क्रमांकावर सतनाम सिंगला निवडलं. पंजाबमधल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच उंचीचा हा मुलगा ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. आपल्याकडे त्या दिवशी फार मोठा आनंद झाला, आणि तो रास्तच होता.

जुना हिशेब: पन्नासाव्या क्रमांकापुढचे बहुतेक जण एनबीएत टिकत नाहीत, मनू जिनोबिली 57 वा निवडला गेला होता, पण तो अपवाद. अंगकाठी: भरभक्कम. आकडे: कॉलेजचा एकही मोसम नाही, 2010 पासून फ्लोरिडाच्या अकादमीतलं शालेय बास्केटबॉल, म्हणजे मोठ्यांविरुद्धचा पुरावा जवळपास शून्य. शिवाय तो नेमका अशा वर्षी आला जेव्हा गोल्डन स्टेटने वेगावर आणि थ्री-पॉइंटरवर विजेतेपद जिंकलं होतं, आणि बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या जड सेंटरची गरज लीगमध्ये घटू लागली होती. घर: डॅलसने त्याला आपल्या दुय्यम संघात, टेक्सास लेजंड्समध्ये ठेवलं, तिथेही मिनिटं थोडीच मिळाली. किंमत: दुसऱ्या फेरीतल्या निवडीला पक्क्या मानधनाची हमी नसते, त्यामुळे डॅलसने गमावण्याजोगं फार काही लावलंच नव्हतं. एनबीएचा एकही सामना सतनाम खेळला नाही.

डॅलसच्या बाजूने तो चांगला सौदा होता, स्वस्तातली एक दूरची शक्यता. सतनामच्या बाजूने पाहिलं तर अडचण दिसते ती उंचीची नाही की जिद्दीचीही नाही. चौदा-पंधराव्या वर्षी घर सोडून, भाषा येत नसताना परदेशात गेलेल्या मुलाची जिद्द मोजायची गरज नाही. त्याला दहा ते चौदा या वयात, चेंडू हाताळायचा आणि मैदान पाहायचं शिकायच्या वर्षांत, आपल्या मापाच्या मुलांविरुद्ध रोज खेळायला मिळालं नाही. अशी जागा तेव्हा भारतात नव्हती. देशभरातली मुलं एकत्र आणून शिकवणारी एनबीएची अकादमी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात सुरू झाली ती 2017 मध्ये, त्याची निवड होऊन दोन वर्षं झाल्यावर.